मेंदूतली सूज कमी करणारं औषध अजून का निघालं नाही?

सांध्यांची सूज उतरवणाऱ्या इतक्या गोळ्या असताना अल्झायमरसाठी मेंदूतला दाह कमी करणारी एकही गोळी का नाही, असं तुम्ही विचारलंय. पुढे जोडलंय, ‘की कोणाला शोधायचीच नाही?’ ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण मी याच कामात बरीच वर्षं घालवली आहेत. शोधाशोध भरपूर चाललीय. औषध मेंदूत नेमकं किती पोचलं हे नीट मोजत नाहीत, तिथे घोडं पेंड खातं.

तुम्ही म्हणता त्याच गोळ्या घ्या. नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिबची अल्झायमर रोखण्यासाठी मोठी चाचणी झालेली आहे. सत्तरी गाठलेले, घरात कोणाला तरी हा आजार झालेला, असे अडीच हजार लोक त्यात होते. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने डिसेंबर 2004मध्ये गोळ्या थांबवल्या, आणि पुढे लक्ष ठेवूनही फायदा काही दिसला नाही. यावरून ‘दाह कमी करून उपयोग नाही’ म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. नॅप्रोक्सेन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला 99 टक्क्यांहून जास्त चिकटलेलं असतं, मेंदूत त्यातलं फार थोडं जातं. जागेवर न पोचलेल्या औषधाने सिद्ध काय केलं?

मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. त्यातूनही जे आत शिरू पाहतं त्यातलं बरंचसं पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप परत रक्तात फेकतो. जुलाबावरचं लोपेरामाइड खरं तर अफूच्या जातीचं, पण नेहमीच्या मात्रेत नशा चढत नाही ती मुख्यतः या पंपामुळे.

आमच्या गटाकडे औषध होऊ शकेल असा एक रेणू होता. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या पहारेकरी पेशी. त्या प्रयोगशाळेतल्या बशीत भडकवायच्या आणि वरून हा रेणू टाकायचा, की झकास शांत व्हायच्या. उंदरांना दिला, मेंदू काढून लगदा केला, मोजलं, तर रक्तापेक्षा कितीतरी जास्त रेणू मेंदूत! बैठकीत टाळ्या पडल्या. मला तो आकडाच खटकला. मेंदू चरबीने भरलेला आणि आमचा रेणू तेलकट. लगद्यात सापडला म्हणून तो पेशीवर काम करायला मोकळा आहे, असं थोडंच आहे? मी विचारलं, “सर, यातला मोकळा किती?” प्रकल्पप्रमुख म्हणाले, “तू फार फाटे फोडतेस.”

मग मी मोजलंच. टेफ्लॉनच्या ठोकळ्यात मधोमध पातळ पडदा, एका बाजूला रेणू मिसळलेला मेंदूचा लगदा, दुसऱ्या बाजूला नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं पाणी, आणि सगळं 37 अंशांवर हलत ठेवायचं. लगदा पिपेटच्या टोकात अडकतो, म्हणून टोक कात्रीने कापून घ्यावं लागतं. पडदा ओलांडून जातो तो फक्त मोकळा रेणू. आमचा शंभरात एक भागसुद्धा पलीकडे आला नाही. हिशेब केला, तर बशीतल्या पेशी शांत करायला जेवढा लागायचा त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी रेणू उंदराच्या मेंदूत मोकळा होता. बाकी सगळा चरबीत रुतलेला.

मग उंदरांचा दाह उतरला कसा? दाह चढवला होता पोटात जिवाणूंचं विष टोचून, आणि डोस दिला होता त्याच्याही आधी. शरीरातला दाह दाबला गेला, म्हणून मेंदूतला फार चढलाच नाही. रुग्ण काय आजाराच्या आधी औषध घ्यायला येतो? “अहवालात हे टाकू नकोस,” असं मला सांगण्यात आलं. मी टाकलं. बाहेरच्या तज्ज्ञांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि काम थांबलं. तेव्हा मला अडवणूक करणारी म्हटलं गेलं. थांबलं ते योग्यच झालं, हे माझं मत आजही कायम आहे.

यश आलंय ते जास्त करून मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करतात त्या आजारात, आणि तेही बहुतेक वेशीबाहेरून. नॅटॅलिझुमॅब रोगप्रतिकारक पेशींना मेंदूत शिरूच देत नाही. पण त्यामुळे मेंदूत जेसी विषाणू माजू शकतो. म्हणूनच 2004मध्ये आलेलं हे औषध 2005मध्ये मागे घेतलं गेलं आणि 2006मध्ये कडक अटींवर परत आलं. आतल्या धुमसत्या दाहावर जाणारं टोलेब्रुटिनिब आता कुठे दिसतंय. एका मोठ्या चाचणीत अपंगत्व वाढण्याचा धोका त्याने 31 टक्क्यांनी कमी झाला, पण यकृताला त्रास होतो.

हेही सांगायला हवं की नुसतं पोचून भागत नाही. दाह कमी करणारं मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मेंदूत जातं, उंदरांत छान चाललं होतं. 2007च्या चाचणीत एएलएसच्या (यात मज्जापेशी मरून स्नायू निकामी होत जातात) 412 रुग्णांना ते किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, दिलं, तर मिनोसायक्लिनवाले जास्त वेगाने खालावले. मायक्रोग्लिया साफसफाईही करतात, त्यांना सरसकट गप्प करणं महागात पडतं. आणि हे वाचून कोणी चालू औषध बंद करू नका. क्षयाच्या मेंदुज्वरात डेक्सामेथासोन या दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडने मृत्यू कमी होतात, हे 2004मध्येच दिसलंय.

तुम्ही या क्षेत्रात शिकत असाल तर मार्गदर्शकांना दोन गोष्टी लेखी विचारा: मेंदूत मोकळं औषध किती, आणि डोस दाहाच्या आधी दिला की नंतर. ते चिडले तर चिडू द्या, आकडे अहवालात टाकाच.