जमीन आली कुठून, गेली कुणाकडे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वंशावळ वाचली. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातलं घराणं, पाच पिढ्या, आणि वरच्या दोन पिढ्यांना पुरावा म्हणून एकेक मृत्युपत्र. माझी शंका तिथेच आहे. मृत्युपत्रात मुलांची नावं असतात, पण सगळ्या मुलांची असतीलच असं नाही. शिवाय नाव सारखं म्हणून माणूस तोच असंही नाही. १७५० च्या आसपास एकाच काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, एकाच नावाचे तिघे निघणं अजिबात नवलाचं नाही. त्यांना एकमेकांपासून सोडवायचं तर जमिनीचाच आधार. सातबाऱ्यावर एखादं नाव दिसलं की आपण विचारतो, हे कुठल्या फेरफाराने लागलं? तोच प्रश्न तिथल्या प्रत्येक तुकड्याला विचार: ही जमीन या माणसाकडे आली कशी, आणि त्याच्या हातून गेली कशी?

आधी दप्तर कुठलं ते ठरव. व्हर्जिनियात मृत्युपत्रं आणि खतं काउंटीच्या कोर्टात नोंदली जात, आणि काउंट्या सारख्या फुटत होत्या. हेन्रिको १६३४ ची. तिच्यातून १७२८ मध्ये गूचलंड निघाली, गूचलंडमधून १७४४ मध्ये अल्बमार्ल, अल्बमार्लमधून १७६१ मध्ये अ‍ॅमहर्स्ट. म्हणजे १७३५ ते १७६५ एकाच शेतावर राहिलेल्या माणसाचे कागद तीन कोर्टांत विखुरलेले असू शकतात. माणूस जागचा हलला नाही, हद्द हलली. जुनी पुस्तकं जुन्या काउंटीतच राहिली. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या हद्दींचा तारीखवार नकाशासंग्रह केला आहे. तो उघडून बसल्याशिवाय एकही पुस्तक चाळू नकोस.

काही दप्तरं जळाली आहेत. बकिंगहॅमचं कोर्ट १८६९ मध्ये जळालं. हॅनोवरचे कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले होते, ते एप्रिल १८६५ च्या आगीत गेले. अशा ठिकाणी आडवाटेने जावं लागतं. वसाहतीच्या लँड ऑफिसने दिलेले पेटंट म्हणजे पहिल्या मालकीचे कागद काउंटीत नव्हे, राजधानीत असत, म्हणून ते वाचले. आज ते रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. दर वसाहतीची तऱ्हा मात्र वेगळी. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये जमिनीची खतं गावच्या कारकुनाकडे असतात. मेरीलँडमध्ये १७७७ पर्यंत मृत्युपत्रांचं काम एकाच मध्यवर्ती कोर्टाकडे होतं. व्हर्जिनियाची सवय तिकडे नेऊ नकोस.

आता मृत्युपत्र. त्यावर दोन तारखा असतात, एक लिहिल्याची आणि एक साक्षीदारांनी कोर्टात शपथेवर शाबीत केल्याची. माणूस या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी मेला, एवढंच त्यावरून म्हणता येतं. पण तारीख वाचतानाच नवखा फसतो. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. १० फेब्रुवारी १७३१ ला लिहिलेलं मृत्युपत्र २० एप्रिल १७३२ ला शाबीत झालं, तर मध्ये चौदा महिने गेले असं वाटतं. खरं अंतर सव्वादोन महिन्यांचं, कारण तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३२ चाच. तुझ्या वंशावळीत एक मूल बापाच्या मृत्यूनंतर वर्षभराने जन्मलेलं दाखवलं आहे, ते बहुधा यातूनच आलं असेल. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांना आकडे देत. १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च आणि अकरावा जानेवारी. टिपणात तारीख कागदावर आहे तशीच उतरव आणि शेजारी १७३१/३२ असं दुहेरी वर्ष घाल. मूळ तारीख खोडून ‘दुरुस्त’ करू नकोस.

नात्यांचे शब्द तर फारच घात करतात. त्या काळी ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगाही असेल. ‘कझिन’ पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा निघतो. ‘इन्फंट’ म्हणजे तान्हं बाळ नव्हे, २१ वर्षांखालचा कुणीही, आपल्या कोर्टाच्या भाषेत अज्ञान. ‘ऑर्फन’चा बाप मेलेला असतो, आई जिवंत असू शकते. एकाच गावातले सीनियर आणि ज्युनियर हे काका-पुतणे असू शकतात, किंवा नात्यातले नसलेले दोघे. थोरला मेला की कालचा ज्युनियर सीनियर होतो. ‘माझी आताची पत्नी’ असं लिहिलं म्हणून आधीची एक होती असं ठरत नाही. हिशेबाला उपयोगी पडणारी एक गोष्ट: पोरक्या मुलाने कोर्टात स्वतः पालक निवडला, तर तो मुलगा साधारण १४ वर्षांचा झाला आहे असं धरता येतं. जन्मनोंद नसलेल्या घराण्यात असा धागा सोन्याचा.

तुझी सगळ्यात मोठी चूक आता सांगतो. मृत्युपत्रात चार मुलगे आहेत म्हणून तू पाचवा, विल्यम, गाळलास. त्या काळचा कायदा बघ. व्हर्जिनियात मृत्युपत्र न करता कुणी मेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची, बायकोला तिच्या हयातीपुरता तिसरा हिस्सा. हा ज्येष्ठाधिकार १७८५ च्या कायद्याने गेला, आणि तो कायदा १७८७ पासून लागू झाला. म्हणजे बापाने ज्या जमिनीबद्दल मृत्युपत्रात अवाक्षर काढलं नाही ती थोरल्याकडे आपोआप जात होती. मग त्याचं नाव लिहायचं कशाला? कधी नुसता एक शिलिंग लिहिलेला असतो. लोक त्यावरून बापलेकाच्या भांडणाची कहाणी रचतात. पुष्कळदा त्या मुलाला त्याचा वाटा लग्नाच्या वेळीच मिळून गेलेला असतो, आणि त्याचं बक्षीसपत्र ‘नैसर्गिक प्रेम आणि मायेपोटी, तसेच पाच शिलिंग’ अशा मजकुराचं खतांच्या पुस्तकात पडलेलं असतं.

ज्येष्ठाधिकाराने जमीन उतरली की त्याचं कुठलंच खत होत नाही, आणि म्हणून ज्याचा कागद नाही तेच शोधायला शिकावं लागतं. विल्यमने १७६८ मध्ये २०० एकर विकले. खरेदीदारांच्या सूचीत त्याने ते घेतल्याची नोंद नाही, त्याच्या नावावर पेटंट नाही, बायकोकडून आल्याचंही दिसत नाही. मग मागे जा. त्याच आडनावाच्या माणसाला तीसेक वर्षांपूर्वी मिळालेल्या पेटंटची चतुःसीमा या खताशी जुळते का? जुळली तर विल्यम त्याचा वारस आहे याला मृत्युपत्रापेक्षाही बळकट पुरावा मिळाला. खताच्या सुरुवातीला जमीन कशी आली त्याची एखादी ओळ कधीकधी असते. खत उतरवून घेणारे लोक नेमकी तीच गाळतात.

चतुःसीमा जुळवणं हे हाताने करायचं काम आहे. आपल्या खतात पूर्वेस अमुकाचं शेत, पश्चिमेस ओढा असं असतं. तिथे दिशा, अंश आणि लांबी दिलेली असते. लांबीचं माप पोल, म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची एक साखळी, १६० चौरस पोलांचा एक एकर. खतात असं असेल: पांढऱ्या ओकपासून सुरू, उत्तर २० अंश पूर्व १६० पोल, तिथून दक्षिण ७० अंश पूर्व २०० पोल, ओढ्याकाठच्या हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून दक्षिण २० अंश पश्चिम १६० पोल, तिथून उत्तर ७० अंश पश्चिम २०० पोल, सुरुवातीच्या झाडापाशी. एकशेसाठ गुणिले दोनशे म्हणजे ३२,००० चौरस पोल, भागिले १६०, बरोबर २०० एकर. पारदर्शक कागद घे, कोनमापक घे. १:२४,००० च्या सरकारी नकाशावर एक पोल ०.२१ मिलिमीटर पडतो, म्हणजे १६० पोलांची बाजू साडेतेहतीस मिलिमीटर. आकृती काढून नकाशावर ठेव आणि ओढा ओढ्यावर येईपर्यंत हळूहळू फिरव. दोन-चार अंशांचा फरक पडणारच, कारण मोजणीदाराच्या होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवायची आणि ती उत्तर काळागणिक सरकते.

इतक्या सरळ चौकोनी जमिनी पुस्तकातच असतात. खऱ्या खतात दहा-बारा बाजू निघतात आणि आकृतीचं तोंड मिटत नाही. तेव्हा मोजणीदाराला दोष देण्याआधी कारकुनावर संशय घे. नोंदवहीतलं खत ही त्याने उतरवलेली नक्कल असते. पूर्वच्या जागी पश्चिम पडतं, नाहीतर अख्खी एक बाजू गळते. एकेक बाजू उलटी करून बघ, किंवा त्याच जमिनीचं पुढचं-मागचं खत काढून ताड. सहीचंही तेच. नोंदवहीतली सही कारकुनाच्या हातची. अंगठ्याऐवजी त्या काळी लोक एखादं अक्षर किंवा फुली काढत आणि कारकून ती निशाणी बहुधा तशीच उतरवी. एकाच नावाच्या दोघांपैकी एक सही करतो आणि दुसरा दर वेळी उलटा ‘व्ही’ काढतो, तर निम्मं काम झालं.

एका खताने भल्याभल्यांना चकवलं आहे. ३ मे ला पाच शिलिंग घेऊन जमीन वर्षभरासाठी भाड्याने दिली, भाडं मागितल्यास मिऱ्याचा एक दाणा. लोक लिहून मोकळे होतात की हा कूळ होता. पान उलट. ४ मे चं दुसरं खत तिथेच आहे, त्यात खरी किंमत आहे आणि कायमची मालकीही. जमिनीवर प्रत्यक्ष जाऊन ताबा देण्याचा सोपस्कार टाळण्यासाठी वकिलांनी काढलेली ही दोन खतांची युक्ती होती. दोन्ही मिळून विक्री एकच.

विक्रीच्या खतामागे बायकोची नोंद असते, तीही सोडू नकोस. नवऱ्याच्या जमिनीत तिचा तिसरा हिस्सा असल्याने न्यायाधीश तिला बाजूला घेऊन विचारत की तू राजीखुशीने हक्क सोडतेस ना. पुष्कळ बायकांचं नाव आपल्यापर्यंत पोचतं ते एवढ्या एका ओळीतून. तिचं माहेर मात्र तिथे मिळत नाही. खतावर एक साक्षीदार नवऱ्याकडचा आणि बाकीचे बायकोकडचे असत, असं काही हौशी लोक छातीठोकपणे सांगतात. असा कायदा कधीच नव्हता. माहेर शोधायचं तर सासऱ्याच्या मृत्यूनंतर सगळ्या वारसांनी मिळून केलेलं खत शोध. त्यात मुली नवऱ्यांसह येतात, आणि केंटकी-टेनेसीकडे गेलेल्यांचं कुलमुखत्यारपत्र जोडलेलं असतं. अडचण सूचीची आहे. पाच-सात जणांनी मिळून विकलं तर सूचीत बहुतेक वेळा पहिल्याचंच नाव, ‘व इतर’ असं. तो पहिला जावई असेल तर आपलं आडनाव सूचीत येतच नाही. म्हणून जमीन अखेर ज्याच्याकडे गेली त्याचं नाव घेणाऱ्यांच्या सूचीत शोधायचं आणि मागे यायचं. वारसांत वाद झाला असेल तर चॅन्सरी कोर्टाचा दावा बघ. तिथे कोण कुणाचं कोण, हे दाव्यातच मांडलेलं असतं.

मृत्युपत्रापाशी थांबू नकोस. मालमत्तेची यादी, जामीनखत, हिशेब आणि कोर्टाची रोजची नोंदवही, चारही काढ. वर्षा-दोन वर्षांनी हिशेबात ‘मेरी अमुक, पूर्वीची मयताची विधवा’ अशी दुसऱ्या आडनावाने बाई दिसते, तेव्हा तिचं दुसरं लग्न कळतं.

या याद्यांत माणसंही आहेत, दावणीच्या जनावरांच्या ओळीत, किमतीसकट. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरे, म्हणून मृत्युपत्रात एखाद्या स्त्रीचं नाव आणि ‘तिची पुढची संतती’ असं येतं. १७०५ च्या कायद्याने वारसाहक्कापुरती या माणसांची गणना जमिनीसारखी स्थावरात केली. प्रत्येक नाव, वय, किंमत आणि यादीतला क्रम जसाच्या तसा उतरव. आईच्या पाठोपाठ तिची मुलं लिहिलेली असू शकतात. आजच्या अनेक कृष्णवर्णीय घराण्यांना १८६५ च्या, म्हणजे गुलामी संपण्याच्या, मागे जायला याच याद्या लागतात, आणि छापील गोषवाऱ्यांत त्या जागी नुसतं ‘गुलाम’ असं लिहून टाकलेलं आढळतं. तुझ्या वंशावळीतही तसंच झालं आहे. ते आधी सुधार.

वाचनाचं थोडं. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे. सुरुवातीला दोन लहान ‘एफ’ म्हणजे एक मोठा ‘एफ’. मोडी शिकताना करतात तसं कर, अडलेला शब्द सोडून त्याच कारकुनाच्या हातचं तेच अक्षर सोप्या शब्दात शोध. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर २०२४ पासून यंत्राने वाचलेल्या हस्तलिखितांत शब्द शोधता येतो. त्याचा उपयोग जरूर कर, विशेषतः शेजाऱ्यांच्या खतांत आपला माणूस कुठे डोकावतो ते बघायला. पण यंत्राला एखादं नाव सापडलं नाही याचा अर्थ ते पुस्तकात नाही असा होत नाही.

आता विल्यमचं एवढं कर. त्याने विकलेल्या २०० एकरांची आकृती काढ, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची खतं काढून त्यांच्या आकृत्या तिला लावून बघ, आणि खाली काउंटी, पुस्तक, पान, लिहिल्याची तारीख, नोंदल्याची तारीख असं सगळं लिही. मृत्युपत्रातल्या चार भावांपैकी कुणाची हद्द त्याला लागते का ते मला कळव. आकृती मूळ मापातच पाठव, फोटो काढताना प्रमाण बिघडतं.

कळावे. आशीर्वाद.