‘मेला’ नाही, ‘गेले’

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल जेवताना तू विचारलंस, "आई, इथल्या राजाला पहिल्यांदा युअर मॅजेस्टी आणि मग सर म्हणायचं, असं शाळेत सांगितलं. आपल्या राजाला काय म्हणायचं?" मी ताटं उचलता उचलता ‘महाराज’ एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण फार अपुरं होतं. म्हणून हे पत्र. मोठ्याने वाच, अडलं तर माझ्याकडे ये.

नाताळच्या सुट्टीत आपण साताऱ्याला होतो, तेव्हा संगम माहुलीला गेलो होतो. कृष्णा आणि वेण्णा भेटतात ना, तिथे. थोरल्या शाहू महाराजांची समाधी दाखवली, तेव्हा तू आजीला विचारलंस, "हा कधी मेला?" आजी एरवी तुझं मराठी कधीच दुरुस्त करत नाही. तिथे मात्र चटकन म्हणाली, "मेला नाही गं बाळा, गेले. १७४९ साली." तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्या त्या ‘गेले’मध्ये आहे. आपल्याकडे मान आधी क्रियापदात असतो. माणूस एकच, पण आले, बसले, म्हणाले. पदवी माहीत नसली तरी चालते. ‘आला’ म्हटलंस की मात्र आजीच्या कपाळावर आठी पडते.

पदव्या होत्याच, आणि भारदस्त होत्या. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजीराजे ‘छत्रपती’ झाले. त्यांच्या पत्रांत ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ असं येतं. क्षत्रियकुलाचं भूषण, असा त्याचा अर्थ. रोज बोलताना एवढं कोण म्हणणार? लोक म्हणायचे महाराज. जिजाबाईंना म्हणायचे आऊसाहेब. राज्य चालवणाऱ्या घरातसुद्धा हाक नात्याचीच, हे मला फार आवडतं.

बाकीच्यांना मान मिळायचा तो कामावरून. पेशवा, अमात्य, सचिव, सुमंत ही अष्टप्रधानांतली पदं. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा त्यांनी प्रतिनिधी हे आणखी एक पद काढलं. पुढे पदं वंशपरंपरेने चालली आणि त्यांची आडनावं झाली. औंधला यमाईच्या डोंगरावरचं संग्रहालय आपण पाहिलं, ते ज्यांनी उभारलं ते पंतप्रतिनिधी. भोरचे पंतसचिव. साताऱ्याहून निघालं की काही तासांच्या आत अशी किती घराणी लागतात! फलटणला नाईक निंबाळकर, जतला डफळे, सांगलीला पटवर्धन.

आता पेशव्यांचा शिक्का बघ. ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आधी राजा, मग आपण. पुढे सगळा कारभार पुण्याला गेला, साताऱ्याच्या गादीच्या हातात फारसं काही उरलं नाही, तरी नवा पेशवा व्हायचा तर वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. लष्कर पुण्यात आणि मान साताऱ्यात. लहानपणी राजवाड्यावरून शाळेत जाताना मला याचा अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

पत्रांत एक मायना असायचा, ‘राजमान्य राजश्री’. राजमान्य म्हणजे राजाने ज्याला मानलं तो. नंतर त्याचं ‘रा. रा.’ झालं आणि ते कुणाच्याही नावामागे लागू लागलं. माझ्या पणजोबांना आलेल्या कार्डांवर ‘रा. रा.’ आहे. ते साधे शेतकरी, कुठल्याही राजाने त्यांना मानलेलं नव्हतं. कार्ड लिहिणाऱ्याने मानलं होतं.

आणि मग शब्दच बदलला. टिळकांना लोक म्हणाले लोकमान्य. राजाने नव्हे, लोकांनी मानलेला! भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यांना लोकांनी कर्मवीर म्हटलं. नाना पाटील क्रांतिसिंह झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे छत्रपतिपद होतंच, तरी त्याच १९१९ साली कानपूरच्या कुर्मी समाजाने त्यांना ‘राजर्षी’ म्हटलं आणि आज तेच नाव आधी तोंडात येतं. (साताऱ्याचे थोरले शाहू वेगळे, हे राजर्षी वेगळे. शाळेत सांगशील तेव्हा गल्लत करू नकोस.)

१९५० पासून आपल्या राज्यघटनेत कलम १८ आहे, सरकार असले किताब देत नाही. १९७१ साली संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. तरी साताऱ्यात छत्रपतींच्या घराण्यातलं कुणी रस्त्याने गेलं की आजी ‘महाराज गेले’ असंच म्हणते. कायद्याने तिला ते कुणी म्हणायला लावलेलं नाही. आणि लग्नात जिलबी तळणाऱ्या आचाऱ्यालाही ती ‘महाराज’च म्हणते, ‘आले’च म्हणते. दोन्ही वेळा तितक्याच मनापासून.

आता तुझं काम. आजीने पाठवलेल्या लाडवांबद्दल तिला अजून पत्र गेलेलं नाही. ‘हाय आजी’ नको. वर ‘ती. आजीस’ लिही. ती. म्हणजे तीर्थरूप, तीर्थासारखी. त्याखाली ‘सा. न.’, साष्टांग नमस्कार. पुढे मात्र ‘तू’च लिही, ‘तुम्ही’ लिहिलंस तर तिला वाटेल नात रुसली. पाकिटावरचा पत्ता मी घालते.

तुझी,
आई