‘स्पूफ’ला काय म्हणावं: विडंबनपट, प्रहसन की सोंगपट?

लातूरच्या एका महाविद्यालयीन चित्रपट मंडळाचा प्रश्न आहे. कमी खर्चात उरकलेल्या जुन्या भुताखेतांच्या आणि परग्रहवासीयांच्या चित्रपटांची टर उडवणारे काही चित्रपट त्यांना दाखवायचे आहेत. फलकावर ‘विडंबनपट’ लिहिलं, तर एका प्राध्यापकांनी हरकत घेतली, की विडंबना म्हणजे अवहेलना, हा शब्द चांगल्या अर्थाचा नाही. मग कुणी ‘प्रहसनपट’ सुचवलं, कुणी ‘सोंगपट’. मुलं म्हणतात, ‘स्पूफ’च राहू द्या. आणि ‘कल्ट’ला, म्हणजे ठरावीक चाहत्यांनी पुन्हा पुन्हा पाहून डोक्यावर घेतलेल्या चित्रपटाला, मराठीत काय म्हणायचं, हा पोटप्रश्न.

फलकावर ‘विडंबनपट’ लिहा. बोलताना ‘स्पूफ’ म्हटलं तरी काही बिघडत नाही.

प्राध्यापकांची हरकत निराधार नाही, पण ती शेजारच्या शब्दावर आहे. मराठीत हे दोन शब्द वेगळे झालेत. ‘विडंबन’ नपुंसकलिंगी, ‘विडंबना’ स्त्रीलिंगी. ‘दैवाची विडंबना’, ‘काय ही विडंबना’ इथे अवहेलना आणि दुर्दशा आहे. हिंदीच्या संगतीने त्यात ‘नियतीचा उफराटा खेळ’ हाही अर्थ मिसळलाय. ‘विडंबन’ मात्र संस्कृतातल्या मूळ अर्थाला धरून राहिलं: हुबेहूब अनुकरण करणं, आणि त्या अनुकरणातूनच खोड काढणं. केशवकुमारांच्या, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून (१९२५) हा शब्द साहित्यप्रकार म्हणून मराठीत पक्का बसला आहे. त्या विडंबनाची रीत लक्षात घ्या. वृत्त तेच, ठेका तोच, शब्दांची ठेवण तीच. बदलतो फक्त आशय. स्पूफ चित्रपट नेमकं हेच करतो. कॅमेऱ्याची चौकट, प्रकाशयोजना, संगीताचे हिसके, संवादांचा ताठरपणा सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि आतला गांभीर्याचा गर तेवढा काढून घ्यायचा. तेव्हा शब्द तोच, फक्त सामान्यरूप सांभाळा. ‘विडंबनेचा महोत्सव’ असं छापलंत तर प्राध्यापक बरोबर ठरतील. ‘विडंबनाचा’ किंवा ‘विडंबनपटांचा’ असंच हवं.

‘प्रहसन’ इथे चालत नाही. प्रहसन हा भरताच्या नाट्यशास्त्रातल्या दहा रूपकांपैकी एक. सातव्या शतकातलं पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं ‘मत्तविलास’ घ्या: कापालिक, भिक्षू, वेडा यांची फजिती. हसू माणसांच्या वागण्याचं आहे. एखाद्या दुसऱ्या नाटकाची घडण त्यात चिडवलेली नाही, आणि ते कळायला आधी काही पाहिलेलं असावं लागत नाही. विडंबनाला मूळ लागतंच. उपहास प्रहसनाच्याच बाजूचा, त्याचं लक्ष्य समाज, सत्ता, रूढी. विडंबनाचं लक्ष्य एखादी कलाकृती किंवा कलाप्रकार.

‘नक्कल’ कुणी सुचवला नाही ते बरं झालं. मराठवाड्यात नक्कल म्हटलं की आधी तहसील आठवते: सातबाऱ्याची नक्कल, नकलेचा अर्ज. त्यात हसण्यासारखं काही नसतं. ‘नकल्या’, ‘नकला करणे’ यांत हसू आहे, पण ‘नक्कलपट’ म्हटलं तर चोरून उतरवलेली प्रत वाटेल.

आता सोंगपट. हा शब्द सगळ्यात जिवंत, आणि आपल्या भागात त्याला मूळही आहे. भारुडाच्या भजनी, सोंगी आणि कूट अशा तीन जाती सांगतात. त्यातली सोंगी जात पैठणच्या नाथांनी कळसाला नेली. नाथांचं ‘भूत जबर मोठे गं बाई’ हे भारूड या प्रश्नासाठी पाहण्यासारखं आहे. झपाटलेल्या बाईचा आकांत, देवऋषी, लिंबू-नारळाचा उतारा, असा झाडफुंकीचा आणि उताऱ्याचा सगळा साज त्यात जसाच्या तसा आहे. पण हे भूत उतरत नाही, कारण ते परमेश्वराचं आहे. नारदाला लागलं, ध्रुवाला लागलं. भयकथेचा सांगाडा उचलायचा आणि आत भलतंच भरायचं, ही युक्ती सोळाव्या शतकात गोदाकाठी चालत होती. सोंग घेणारा स्वतः हसत नाही, हाही नियम तिथलाच. स्पूफमधला नट तोंडावरची रेष हलवू देत नाही, तेव्हाच प्रेक्षक हसतात. नटच मिश्किल हसायला लागला की सोंग फाटलं.

मग सोंगपट का नको? कारण सोंग म्हणजे बतावणीही: झोपेचं सोंग, आजाराचं सोंग. ‘सोंगपट’ म्हटलं की अनोळखी वाचकाला वेषांतराचा किंवा बहुरूप्यांवरचा चित्रपट वाटेल. प्रास्ताविकात, भाषणात वापरा. छापील वर्गनाम म्हणून अजून रुळलेला नाही. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’ ही म्हण या चित्रपटांना जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. स्वस्तातला मूळ चित्रपट पैशाचं सोंग आणायला जातो आणि उघडा पडतो. स्पूफ त्या उघडं पडण्याचं सोंग आणतो.

इथेच खरी मेख आहे, आणि मंडळाने पाठवलेल्या यादीत ती सुटली आहे. यादीत ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ आणि ‘द लॉस्ट स्केलेटन ऑफ कडाव्रा’ दोन्ही ‘स्पूफ’ म्हणून घातलेत. पहिला स्पूफ नाही. दिग्दर्शक एड वुडने तो अगदी मनापासून काढला. नट बेला लुगोसी १९५६ मध्ये वारला, तेव्हा त्याचं थोडंसंच चित्रण हाताशी होतं. बाकी दृश्यांत वुडच्या बायकोच्या ओळखीतला, मणके बसवणारा एक उंच माणूस तोंडापुढे झगा धरून फिरवला. एकाच पाठलागात दिवस आणि रात्र आलटून पालटून दिसतात. याचंही कारण साधं आहे. रात्रीचं दृश्य दिवसा घ्यायचं तर उजेड कमी घ्यावा लागतो, निळसर छटा द्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे आकाश आणि ठळक सावल्या चौकटीबाहेर ठेवाव्या लागतात. घाईत यातलं एक राहिलं की भर दुपारी भूत फिरतं.

‘रोबॉट मॉन्स्टर’ (१९५३) तसाच. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना, म्हणून गोरिलाच्या पोशाखावर पाणबुड्याच्या धर्तीचं शिरस्त्राण आणि त्यावर अँटेना. सोबतीला साबणाचे फुगे सोडणारं यंत्र, आणि श्रेयनामावलीत त्या यंत्राचा रीतसर उल्लेख! हे दोन्ही चित्रपट विडंबनाचं मूळ आहेत, विडंबन नव्हेत.

‘लॉस्ट स्केलेटन’ (२००१, दिग्दर्शक लॅरी ब्लेमायर) हे खरं विडंबन. डिजिटल व्हिडिओवर चित्रण करून ते कृष्णधवल केलं. ‘रोबॉट मॉन्स्टर’ ज्या लॉस एंजेलिसच्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये घेतला होता, तिथेच जाऊन दृश्यं घेतली. हाडाचा सापळा दोऱ्यांनी हलतो आणि दोऱ्या दिसतात, कारण त्या दिसाव्यात असं ठरवलेलं आहे. म्हणून शब्द निवडण्याआधी एकच विचारा: दोरी दिसली की दाखवली? दिसली तर फजिती, दाखवली तर विडंबन.

एक अवघड उदाहरणही आहे. ‘अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज’ (१९७८) हा जाणूनबुजून केलेला स्पूफ. पण त्यात कोसळणारं हेलिकॉप्टर चित्रीकरणात खरोखरच कोसळलं होतं. आतली माणसं बचावली, कॅमेरा चालूच होता, आणि ते दृश्य कथेत बसवलं गेलं. अपघात दिसला आणि मग दाखवलाही. माझ्या मते तेही विडंबनात जमा, कारण ठेवून घेण्याचा निर्णय हाच इथे लेखन आहे.

स्पूफ आणि भय-विनोद यांचीही गल्लत होते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) अनेक जण बेधडक स्पूफ म्हणतात. तो स्पूफ नाही. रामदास पाध्यांच्या बाहुल्यातला तात्या विंचू त्या कथेत खरोखर धोकादायक आहे. विनोद लक्ष्याच्या घाबरण्यात आहे, भयपटाच्या रचनेची थट्टा त्यात नाही. त्याला ‘विनोदी भयपट’ म्हणा. उलट मेल ब्रुक्सचा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) पाहा. तो कृष्णधवल घेतला, आणि १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी केनेथ स्ट्रिकफॅडनने बनवलेली ठिणग्या उडवणारी प्रयोगशाळेची मूळ उपकरणंच मागवून वापरली. पैसा होता, तरी मूळ घडण सोडली नाही. विडंबन म्हणजे स्वस्त काम, असं समजू नये.

शब्दक्रमाने अर्थ फिरतो, तेही पाहून घ्या. ‘विडंबनात्मक भयपट’ म्हणजे चित्रपट अजून भयपटच आहे, त्यात विडंबनाचा रंग आहे. ‘भयपटांचं विडंबन’ म्हणजे भयपट हे लक्ष्य. तुम्हाला दुसरा अर्थ हवा आहे. ‘भयपटांवर विडंबन’ नको. विडंबन कशाचं तरी असतं, ‘चा-ची-चे’ लावा. ‘विडंबन पट’ असं तोडून लिहू नका. माहितीपट, भयपट, बोलपट जोडून लिहितो, तसाच हा.

‘विज्ञानपट’ टाळा. लातूरमध्ये विज्ञानपट म्हटलं की पालक शैक्षणिक चित्रफीत समजून लहान मुलांना घेऊन येतील. विज्ञानकथा हा शब्द नारळीकरांसारख्या लेखकांमुळे घरोघर माहीत आहे, म्हणून ‘विज्ञानकथापट’.

‘बी-ग्रेड’ही जपून. मूळ ‘बी’चा दर्जाशी संबंध नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत. मुख्य चित्रपटासोबतचा दुसरा, कमी खर्चाचा आणि साधारण तासा-सव्वा तासाचा, तो बी. मुख्य चित्रपटाचं भाडं तिकीटविक्रीच्या टक्केवारीवर ठरे, बीचं ठोक. म्हणजे चित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याला ठरलेलेच पैसे मिळणार. मग खर्च वाढवायचा कशाला? दोऱ्या दिसण्याचं अर्थशास्त्र हे आहे. आपल्याकडे मात्र ‘बी-ग्रेड’ला चावटपणाचा वास लागला आहे. प्राचार्यांच्या सहीसाठी जाणाऱ्या कागदावर ‘कमी खर्चाचे भयपट’ लिहिणं शहाणपणाचं.

‘कल्ट’ला ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ नको. आपल्याकडे संप्रदाय म्हणजे वारकरी, महानुभाव. उगाच कुणाच्या भावना दुखावतील. ‘कल्ट’च ठेवा, पण अर्थ नीट ठेवा. हा गुण प्रेक्षकांनी नंतर दिलेला असतो. ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये पडला. १९७६ पासून न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांना तेच ते लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले, वेष करून, पडद्याला उलट उत्तरं देत, तेव्हा तो कल्ट झाला. ‘प्लॅन नाइन’ही १९८० मध्ये एका पुस्तकाने आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवल्यावर जास्त पाहिला गेला. त्यामुळे येत्या शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाला ‘कल्ट’ म्हणणं म्हणजे न जन्मलेल्या पोराला पणजोबा म्हणणं.

स्पूफ शब्द ठेवायचाच तर दीर्घ ‘पू’. ‘स्पूफचा’, ‘स्पूफमध्ये’ असं प्रत्यय थेट जोडून लिहिलं तर तो दीर्घच राहतो. सामान्यरूप करायचं असेल तर ‘स्पुफाचा’, मग ऱ्हस्व. दोन्ही एकाच परिच्छेदात नकोत. लिंग अजून डळमळीत आहे. चित्रपट मनात धरून ‘तो स्पूफ’ म्हणावं.

निवेदन बोलीत ठेवायचा विचारही प्रश्नात आहे. निवेदनाला हरकत नाही. पण जुन्या दृश्यावर ‘काय करायलास रे भुता’ असे संवाद चढवले, तर हसू बोलीचं येईल, चित्रपटाचं नाही. विडंबनासाठी उलट ताठ, डब केल्यासारखी मराठी हवी: ‘मी शास्त्रज्ञ आहे. आणि शास्त्रज्ञ या नात्याने मला शास्त्राचं भय वाटतं.’ तीच माहिती दोनदा, आणि दुसऱ्यांदा जास्त गंभीर. जुन्या स्वस्त चित्रपटांतले संवाद असेच घोळत राहतात.

क्रमही बदला. आपल्या प्रेक्षकांनी १९५०च्या दशकातले अमेरिकी चित्रपट पाहिलेले नाहीत. मूळ माहीत नसेल तर विडंबन नुसतं वाईट चित्रपटासारखं दिसतं. ‘लॉस्ट स्केलेटन’च्या आधी ‘रोबॉट मॉन्स्टर’ची दहा-पंधरा मिनिटं दाखवा. तेही दूरचं वाटलं तर रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) एखादा प्रसंग ठेवा, धुकं, करकरणारं दार आणि अचानक वाजणारं संगीत सगळ्यांना ओळखीचं आहे.

शेवटी यादीतलं मालेगाव. तिथली चार नावं एकाच वर्गात घातलीत, त्यांना तीन वेगळे शब्द लागतात. शेख नासिर यांचे ‘मालेगाव के शोले’ आणि ‘मालेगाव का सुपरमॅन’ हे विडंबनपट. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा फैजा अहमद खान यांचा, ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीवरचा माहितीपट. ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ (दिग्दर्शक रीमा कागती) हा कथापट. आणि फलकावर ‘मालेगाव, जि. नाशिक’ असं पूर्ण छापा, ‘ल’ तपासून. ‘ळ’ पडला तर लोक लोह्याजवळच्या खंडोबाच्या माळेगावचं काहीतरी समजतील, आणि तमाशाचा फड कधी उभा राहणार म्हणून चौकशा सुरू होतील.