चार वर्षांपूर्वीचं हॉस्पिटलचं बिल आणि आता कलेक्शनवाल्यांचा फोन, भरायचं का?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला. मुलाचा हात मोडला म्हणून अमेरिकेत इमर्जन्सीत नेलं त्याला चार वर्षं झाली, आणि आता एक कलेक्शन एजन्सी, म्हणजे थकलेली बिलं वसूल करणारी कंपनी, म्हणतेय की 1,840 डॉलर बाकी आहेत, आजच्या आज कार्डवर 1,100 भरा म्हणजे विषय संपला. घराचं लोन काढायचंय म्हणून तुम्हाला वाटतंय भरून मोकळं व्हावं. पण आज भरू नका, आणि फोनवर "हो, आमची बाकी आहे" असं तर चुकूनही म्हणू नका.

कारण सांगते. अशा बाकीसाठी कोर्टात जायला मुदत असते, बऱ्याच राज्यांत ती 3 ते 6 वर्षं आहे, आणि काही राज्यांत तुम्ही थोडे पैसे भरले किंवा बाकी कबूल केली की ती परत पहिल्यापासून मोजतात. तुमची चार वर्षं म्हणजे अगदी काठावर, त्यामुळे तुमच्या राज्यात किती मुदत आहे ते आधी बघा. मुदत उलटली असेल तर एजन्सी केस करू शकत नाही, केसची धमकीही देऊ शकत नाही, पैसे मात्र मागू शकते.

आता पहिलं काम, त्यांच्याकडून सगळं लेखी मागा. पहिल्या संपर्कानंतर 5 दिवसांत त्यांनी बाकीचा तपशील कळवायलाच हवा, आणि तो मिळाल्यापासून 30 दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली तर पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. हे 30 दिवस वाया घालवू नका, रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा.

तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, की त्याच महिन्यात मिस्टरांची नोकरी बदलली होती. मला तर सगळी गोम तिथेच दिसते. हॉस्पिटलने जुन्या इन्शुरन्सकडे क्लेम पाठवला असेल, तो रिजेक्ट झाला असेल आणि बिल तुमच्या नावावर पडलं असेल, असं खूपदा होतं. दोन्ही इन्शुरन्स कंपन्यांना फोन करून त्या तारखेचा क्लेम आला होता का, त्याचं काय झालं ते विचारा, आणि हॉस्पिटलकडून एकेक आयटम दाखवणारं बिल मागवा. हॉस्पिटल नेटवर्कमधलं, म्हणजे तुमच्या इन्शुरन्स कंपनीशी करार असलेलं असेल आणि तुम्ही नवीन इन्शुरन्सचं कार्ड दिलेलं असूनही त्यांनी क्लेम वेळेत पाठवला नसेल, तर त्याचा भुर्दंड बहुतेक वेळा पेशंटवर टाकता येत नाही.

लोनचं म्हणाल तर आधी तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे, म्हणजे लोकांच्या कर्जाची आणि बाकीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे रिपोर्ट काढा, फुकट मिळतात. 500 डॉलरच्या आतली मेडिकल बाकी 2023 पासून रिपोर्टवर दाखवतच नाहीत, तुमची त्यापेक्षा मोठी आहे म्हणून दिसू शकते, पण काही राज्यांत मेडिकल बाकी दाखवायलाच बंदी आहे. आणि 2022 पासून भरलेली मेडिकल बाकी रिपोर्टवरून काढून टाकतात, म्हणजे बाकी खरी निघाली तर तेव्हा भरूनही लोनच्या आधी रिपोर्ट साफ होऊ शकतो. मग आज एवढी घाई कशाला?

बाकी खरीच निघाली तर 1,100 च्या खाली घासाघीस करा, ठरलेला आकडा आणि "यानंतर काही बाकी नाही" हे लेखी आल्यावरच पैसे द्या, बँक अकाउंटमधून परस्पर काढायची परवानगी देऊ नका. आणि क्रेडिट कार्डवर टाकून हळूहळू फेडू म्हणत असाल तर अजिबात नको, कारण मग ते मेडिकल बिल राहत नाही, साधं व्याजाचं कर्ज होतं आणि वरच्या सगळ्या सवलती गेल्या.

कोर्टाचं समन्स आलं तर मात्र मुदत उलटली असली तरी उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर एकतर्फी निकाल लागून पगारातून पैसे कापले जाऊ शकतात. तूर्त पत्राची कॉपी आणि पोस्टाची पावती जपून ठेवा, इन्शुरन्सवाले काय म्हणतात ते कळवा, मग किती द्यायचे ते ठरवू.