जहाजं तोडायचं यार्ड येतंय, माहेरच्यांना काय सांगू?

प्रश्न: माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी समुद्राला लागून छोटं गाव. तिथे जहाजं तोडायचं यार्ड येणार म्हणतात, कंपनीची माणसं घरोघर फिरून नोकऱ्यांचं सांगताहेत. धाकटा भाऊ खूश आहे, काका रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे ते भडकलेत. आणि दोघंही मलाच फोन करतात, की जहाजं तोडतात ते अलंग तुमच्या गुजरातेतच ना, जरा विचारून सांग. काय सांगू?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदं

उत्तर: ताई, आपल्या बडोदेकरांना अलंग म्हटलं की जहाजावरचं सेकंडहँड फर्निचर आठवतं. रस्त्याला लागून ओळीने दुकानं, सोफे, स्टीलची सिंक, क्रॉकरी, लाइफ जॅकेटसुद्धा. पलीकडे किनाऱ्यावर काय चालतं ते कोण बघतंय!

अलंगला पहिलं जहाज लागलं १९८३ ला, आणि ती जागा निवडली ती भरतीमुळे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, किनारा सपाट, म्हणून उधाणाला जहाज जोरात आणून सरळ किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की गॅस कटरने कापायला घ्यायचं. रत्नागिरीकडे त्याच्या निम्मीही भरती येत नाही हो. म्हणून भावाला सांगा, नोकऱ्यांचं नंतर, आधी विचार की जहाज वर कसं घेणार? ड्राय डॉक, म्हणजे पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी, बांधणार, की खाडी खणून आत आणणार? खणणार असतील तर काकांची रापण तिथेच संपली, तिसऱ्या-कालवं हे शिंपलेही.

दुसरं म्हणजे जहाजातून नुसतं लोखंड निघत नाही. जुन्या जहाजात इंजिन रूमच्या पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस, टाक्यांच्या तळाला तेलाचा गाळ, बुडाला विषारी रंग. ॲस्बेस्टॉसचा कॅन्सर वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी निघतो, तोवर ठेकेदार कुठे आणि आपण कुठे. फ्रान्सची क्लेमांसो युद्धनौका अलंगला यायला निघाली होती, पण ॲस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की २००६ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी ती परत बोलावली. आता जहाजं तोडण्याबद्दल कायदा आहे, २०१९ चा, त्याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करारही जून २०२५ पासून लागू झालाय, जहाजात कुठे काय विषारी आहे त्याची यादी द्यावी लागते. पण वाळूवर जहाज तोडायला त्या करारातही बंदी नाही, हे कंपनीवाले स्वतःहून सांगणार नाहीत.

नोकऱ्यांचं म्हणाल तर अलंगला कापायच्या कामाला बहुतेक यूपी, बिहार, ओडिशाची मुलं आहेत. गावातल्यांच्या वाट्याला चहाची टपरी, ट्रक, भाड्याच्या खोल्या असं काहीबाही येतं, ते वाईट नाही, पण भावाच्या डोक्यात ते आहे का?

एक मात्र नक्की करा. २००६ च्या नियमाप्रमाणे अशा यार्डाला दिल्लीहून पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी, तिची नोटीस निदान तीस दिवस आधी पेपरात यायला हवी. पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याच्या अहवालाचा मराठी सारांश मागून घ्या. तिथे हात वर करून मतदान होत नाही, पण जो मुद्दा नोंदवाल त्याला कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, म्हणून तोंडी भांडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

मला विचाराल तर ड्राय डॉक बांधणार का आणि विषारी कचरा नेमका कुठे जाणार, हे दोन्ही कागदावर येईपर्यंत मी काकांच्या बाजूने. आणि तोवर कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कुठल्याही कोऱ्या फॉर्मवर घरातल्या कोणी सही करू नये, भावाला हे आजच फोन करून सांगा.