डोंगरातल्या खिंडी बाईकने बघाव्यात की पायी? आणि आठवड्याभरात किती होतील?

तुम्ही लिहिलंय की बाईक व्यवस्थित येते, चालायचीही सवय आहे, पण सुट्टी एकच आठवडा, मग गाडीने जमतील तेवढे पास (म्हणजे खिंडी) करावेत की एकच पास पायी करावा. माझं मत विचाराल तर दोन्ही करा, आणि तेही एकाच खिंडीवर. गाडीने माथ्यापर्यंत जा, गाडी बाजूला लावा आणि तिथली जुनी वाट शोधून दोन-तीन तास चाला. नाहीतर गाडीवाल्यांचं काय होतं की वर पोचले, उंचीची पाटी, पाटीसमोर फोटोची रांग, दहा मिनिटांत खाली. आणि ती पाटीसुद्धा खरी असेलच असं नाही बरं का, लडाखमधल्या खारदुंग ला या खिंडीच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, मोजलं तर तो साधारण ५,३५९ मीटर म्हणजे १७,५०० फुटांच्या आसपास भरतो.

मुळात गाडीरस्ता आणि वाट या वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की प्लॅनिंगच बदलतं. माणूस, खेचर, बैल हे उभ्या चढाने जाऊ शकतात, चाक जाऊ शकत नाही. म्हणून चाकांसाठी रस्ता काढला की तो डोंगराच्या अंगावर इकडून तिकडे वळसे घेत चढतो आणि जुनी वाट त्या वळशांना मधेच छेदत सरळ वर गेलेली असते. इटलीतला स्टेल्व्हिओ पास बघा, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ मध्ये बांधला, २,७५७ मीटर, एका बाजूला ४८ हेअरपिन (केसाच्या पिनेसारखी उलटी फिरणारी) वळणं. ती वळणं शोभेसाठी नाहीत, घोडागाडीला झेपेल एवढाच चढ ठेवायचा होता म्हणून आहेत. याच्या उलट स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड, नेपोलियनने १८०० च्या मे महिन्यात सैन्य तिकडून नेलं तेव्हा गाडीरस्ताच नव्हता, तोफा पोखरलेल्या ओंडक्यांत घालून बर्फावरून ओढाव्या लागल्या. अशा जागी नुसतं गाडीवर बसून त्या खिंडीचा अंदाज येत नाही, पाय लावायलाच लागतात.

आपल्याकडचं सगळ्यात सोपं उदाहरण नाणेघाट. जुन्नरच्या बाजूने गाडी पार माथ्यापर्यंत जाते, तिथून कोकणात उतरायला फक्त पायवाट, दगडी पायऱ्या. वर उभं राहून फोटो काढला तर एक कडा दिसतो बस. पण वैशाखरेच्या बाजूने चढून आलात, नाळेतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून, वर आलात, लेण्यातला तो सातवाहनांचा शिलालेख आणि पुढे जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण बघितलात की कळतं, माल लादलेली जनावरं इथूनच वर येत होती, म्हणून नाका बरोब्बर इथे.

आता खिंड निवडायची कशी. माझा स्वतःचा निकष जरा विचित्र वाटेल, जिच्या खालून बोगदा झालाय ती खिंड आधी घ्या. ट्रक, बस, घाईवाले सगळे बोगद्यातून जातात आणि वरचा जुना रस्ता रिकामा राहतो. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डखाली १९८० मध्ये रस्त्याचा बोगदा झाला, आता वरचा ट्रेमोलाचा दगडी फरसबंदीचा जुना रस्ता सायकलवाल्यांना आणि निवांत बाईकवाल्यांनाच राहिलाय. ग्रेट सेंट बर्नार्डखाली १९६४ पासून बोगदा आहे. मनालीजवळच्या रोहतांग खिंडीखालून ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, त्यामुळे पलीकडच्या लाहौलकडे जाणारी ट्रकची रांग वरच्या रस्त्यावरून हटली. पर्यटकांची गर्दी तिथे अजूनही असते हे खरं, आणि मनालीच्या बाजूने वर जायला गाडीला परमिट लागतं ते आधी काढून ठेवा. 

जुनी वाट शोधायला ओपनस्ट्रीटमॅपवाला कुठलाही ऑफलाइन नकाशा घ्या, रस्त्याच्या वळशांना कापत जाणारी तुटक रेघ दिसते ती बहुतेक वेळा तीच असते. फक्त दोन वळणांच्या मधला घसारा कापत नवीन शॉर्टकट पाडू नका, पावसात तीच माती खाली रस्त्यावर येते.

बाईकचं थोडक्यात सांगतो कारण तुम्हाला चालवता येते म्हणालात. उतारावर न्यूट्रल नाही, क्लच दाबून घरंगळणं नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबून उतरलं की पॅड तापतात, आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने ओढलेलं पाणी उकळून लिव्हर एकदम स्पंजसारखा होतो, तेव्हा निघायच्या आधी ऑइल बदलून घ्या, चेन-टायर सगळे बघतात पण हे कोणी बघत नाही. हेअरपिनला वेग आत शिरायच्या आधी कमी करा, नजर वळण जिथे संपतं तिकडे, आणि आपली लेन सोडून आतून कापू नका कारण वरून येणारी बस अख्खं वळण वापरते, तिला पर्यायच नसतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. उंचीवर गाडी दमली तर घाबरू नका, साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, कार्ब्युरेटरवाली गाडी तिथे पेट्रोल जास्त आणि हवा कमी घेऊन काळा धूर टाकते, फ्युएल इंजेक्शनवाली मिश्रण सांभाळून घेते पण ताकद तिचीही कमी होतेच.

खरी गडबड गाडीची नसते, माणसाची असते, आणि बाईकवाल्यांना ती ट्रेकवाल्यांपेक्षा लवकर गाठते असं माझं मत आहे. पायी जाणारा माणूस दिवसात चढून चढून किती चढणार? बाईकवर मात्र एका दिवसात दोन-तीन हजार मीटर सहज वर जाता येतं, दमही लागत नाही, म्हणून कळतच नाही. नियम साधा आहे, ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली आलात तर चालतं, झोपायची उंची महत्त्वाची. मनाली-लेह करणारे कित्येक जण पहिलीच रात्र सरचूला काढतात, ते ४,२०० मीटरच्या वर आहे आणि मनाली जेमतेम २,००० वर, मग रात्रभर डोकं धरून बसायची वेळ येते. त्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पाला थांबा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत आहे तिथे थांबून बघता येतं, पण चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा नुसतं बसलेलं असतानाही धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून ठरवा, ग्रुपमधल्या कोणीतरी दिली म्हणून घेऊ नका.

पायी भागासाठी वेळेचा हिशोब आधी मांडा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेलं गणित अजून कामाला येतं, दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास, त्यात थांबणं धरलेलं नाही, आणि उंचीवर त्याच्या दीडपट धरा. निघायचं पहाटे. दुपारनंतर खिंडीत वारा सुटतो, ढग जमतात, आणि बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याच्या वर जातो. बाईकलाही हेच लागू, लाहौलातून स्पितीकडे जाणाऱ्या ग्रांफू-बातल-कुंझुमच्या रस्त्यावरचे नाले सकाळीच पार करून घ्यावेत. आणि दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा पायथ्याला घाम येतोय म्हणून जॅकेट गाडीवर ठेवून जाऊ नका.

पूर्ण पायी करायचाच असेल तर मनालीजवळचा हमटा पास बघा, साधारण ४,२७० मीटर. कुल्लूच्या बाजूने देवदार, गवत, ओलावा, आणि माथा ओलांडून लाहौलात उतरायला लागलं की सगळं उघडं, करडं, कोरडं, कारण पावसाचे ढग त्या रांगेच्या अलीकडेच रिकामे होतात. हा बदल पायी अर्ध्या दिवसात अंगावर येतो. अटल बोगद्यातून गेलात तर तोच बदल दहा-पंधरा मिनिटांत होतो आणि तेवढ्यापुरता तोही भारीच असतो, नाही म्हणणार नाही.

आता आठवड्यात किती, तर दोन. फार तर तीन, तेही एकमेकांच्या जवळचे असतील आणि तुम्ही आधीपासून उंचीवर असाल तर. एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, दरड कोसळली, बर्फ पडलं, रस्ता बंद झाला तर तो वापरायला येतो. आणि बंद नाही झाला तर तो दिवस ज्या खिंडीवर जास्त चालावंसं वाटलं तिथे घाला. तुमची गाडी कुठली आणि महिना कुठला ते कमेंटमध्ये सांगा, जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरमध्ये यादी बरीच वेगळी होते.