कॅनडात लहान गावाच्या योजनेतून गेलेली माणसं तिथे खरंच टिकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवरा वेल्डर, तुम्ही प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगा सात वर्षांचा. एजंट म्हणतो, लहान गावाच्या योजनेतून पीआरचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, काम होईल. ओळखीचे म्हणतात, तिथे कुणी टिकत नाही, दोन वर्षांत सगळे टोरोंटोला निघून जातात. यावर कुणी अभ्यास केलाय का, आणि जावं का?

अभ्यास भरपूर झालाय. मी मूळची कराडची. गेली नऊ वर्षं कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडनमध्ये राहते आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना घर, शाळा, कागदपत्रं यांत मदत करण्याचं काम करते. त्यामुळे या विषयावरचे अहवाल वाचणं ओघानंच आलं. वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्हींतून माझं मत असं झालंय की एकाच्या नोकरीमुळे कुटुंब गावात येतं, पण ते राहणार की जाणार हे बरोबर आलेल्या दुसऱ्या माणसाला काय काम मिळतं त्यावर ठरतं. तुमच्या घरात ते दुसरं माणूस तुम्ही आहात. म्हणून हे उत्तर तुमच्या बाजूने लिहितेय, वेल्डरच्या नाही.

आधी आकड्यांचं बघू. २०२१च्या जनगणनेत दिसलं की त्याआधीच्या पाच वर्षांत कॅनडात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त, ५३.४ टक्के, लोक टोरोंटो, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर या तीनच महानगरांत होते. म्हणजे ओढा मोठ्या शहरांकडे आहे हे खरं. पण नव्याने आलेल्यांत पूर्वेच्या चार अटलांटिक प्रांतांचा वाटा २००६मध्ये १.२ टक्के होता, तो २०२१मध्ये ३.५ टक्के झाला. लहान ठिकाणी कुणी जातच नाही, हे त्यामुळे जुनं झालं.

जाणं वेगळं आणि राहणं वेगळं. कॅनडाचं सांख्यिकी खातं आलेल्या माणसाची नोंद त्याच्या आयकर विवरणाशी जोडून बघतं. पाच वर्षांनी तो कुठल्या प्रांतातून कर भरतो, यावरून टिकला की गेला ते कळतं. त्यात ऑन्टारिओ सगळ्यात वर असतो आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड तळाला. त्या बेटाची गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी अशी आहे. तिथे व्यावसायिकांसाठी एक योजना होती: मोठी अनामत भरा, बेटावर धंदा सुरू करा, चालवून दाखवा की अनामत परत. अनेकांनी पीआर घेतला, अनामतीवर पाणी सोडलं आणि थेट मोठं शहर गाठलं. शेवटी २०१८मध्ये सरकारनं ती वाट बंद केली. पैसे अडकवून माणूस गावात धरून ठेवता येत नाही, हे तिथे लख्ख दिसलं.

कायद्यानेही धरता येत नाही. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या सहाव्या कलमाने पीआर असलेल्या माणसाला कुठल्याही प्रांतात राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आहे. पण अर्ज करताना त्या गावात राहण्याचा इरादा खरा असावा लागतो. मनात आधीपासून टोरोंटो ठेवून इथे सही करू नका. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर हातचा पीआर जाऊ शकतो.

आता ब्रँडन. लोकवस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर, विनिपेगपासून पश्चिमेला दोनशेच्या वर किलोमीटर. १९९९मध्ये इथे डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा मोठा कारखाना सुरू झाला. गावात पुरेशी माणसं मिळेनात, म्हणून कंपनीनं मेक्सिको, एल साल्वाडोर, युक्रेन, चीन, कोलंबिया, मॉरिशस अशा देशांतून कामगार आणले. ते आले तात्पुरत्या परवान्यावर, पण सहा महिने काम केल्यावर मॅनिटोबाच्या नामांकन योजनेतून, म्हणजे प्रांतानं नाव सुचवून, कायम होण्यासाठी अर्ज करता येत होता. इथल्या ब्रँडन विद्यापीठातल्या ग्रामीण विकास संस्थेनं हे सगळं टप्प्याटप्प्यानं नोंदवून ठेवलंय. आधी एकटे पुरुष, मग काही वर्षांनी मागून बायका-मुलं. म्हणजे गावाला खरी तयारी करायची होती ती कामगारांची नव्हे, त्यांच्या घरच्यांची. शाळेत इंग्रजी न येणारी मुलं वाढली, भाड्याच्या घरांची ओढाताण झाली. आणि जी कुटुंबं अशी पूर्ण झाली, त्यांतली कितीतरी अजून इथेच आहेत. स्पॅनिश बोलणाऱ्या आयांची मुलं माझ्या मुलीच्या वर्गात आहेत.

ऑन्टारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया एसेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये नवागतांना सामावून घेणारं गाव कसं असतं, याची सतरा लक्षणं काढली होती. पहिलं लक्षण काम मिळणं, दुसरं माणसांशी नाती जुळायला वाव, तिसरं परवडणारं घर. यातलं दुसरं लोक हलक्यात घेतात. मी घ्यायचे. आमचा पहिला नोव्हेंबर आठवतो. उणे बावीस तापमान, गाडी सुरूच होईना. समोरच्या आजोबांनी येऊन बॉनेटखालून लोंबणारी वायर दाखवली आणि विचारलं, रात्री प्लग लावला नव्हता का? इंजिन गरम ठेवायचा हीटर असतो आणि त्याची वायर रात्री घराच्या भिंतीवरच्या सॉकेटला लावायची असते, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी स्वतःची गाडी काढून माझ्या नवऱ्याला कामावर सोडलं, आणि संध्याकाळी त्यांच्या नातवाचे लहान झालेले बर्फातले कपडे माझ्या मुलीसाठी आणून दिले. त्या घरी आम्ही अजून दिवाळीचा फराळ नेतो. टोरोंटोला जाण्याचा विषय आमच्याकडे दोनदा निघाला. दोन्ही वेळा मुलीनं पहिलं नाव घेतलं ते त्या आजोबांचं.

पण गावात माणसं चांगली आहेत, एवढ्यावर तुमचं भागणार नाही. तुमच्यासारखीच एक बाई माझ्याकडे आली होती, महाराष्ट्रात अकरा वर्षं शिकवलेली. नवरा रोज कामावर, मुलगा शाळेत, आणि ही खिडकीत. गाडी एकच, ती नवरा नेणार. बसची फेरी तासाला एक. शिक्षकाचा परवाना प्रांत देतो, त्यासाठी विद्यापीठाकडून थेट गुणपत्रकं मागवावी लागतात, इंग्रजीचा दाखला लागतो, कधी वरचे विषय पुन्हा करावे लागतात. आठ महिने ती कागदांची वाट बघत बसली आणि त्या आठ महिन्यांत तिनं मनात सामान बांधलं होतं. नवऱ्याची नोकरी उत्तम चालली होती, तरीही.

पुढे ती एका पाळणाघरात सहायक म्हणून लागली. मॅनिटोबात बालसंगोपन सहायक म्हणून सुरुवात करता येते, पहिल्या वर्षात चाळीस तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. पगार शिक्षकाचा नाही, पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडायला जागा झाली, इंग्रजी सुटलं, चार मैत्रिणी झाल्या. परवाना दीड वर्षानं आला. ते कुटुंब इथेच आहे. तिच्यासारख्या अनेक जणी अशा आहेत ज्यांना असं पाळणाघर मिळालं नाही, आणि त्या गेल्या. मला त्यांचा राग येत नाही. रिकाम्या घरात बसून कुणी कुठल्या गावाशी नातं जोडावं?

योजनेबद्दल एजंटनं काय सांगितलं माहीत नाही, म्हणून नीट सांगते. २०१९मध्ये अकरा ठिकाणांसाठी ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागांची प्रायोगिक योजना जाहीर झाली, ती २०२४च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. तिच्या जागी ३० जानेवारी २०२५ला नवी ग्रामीण योजना आली, चौदा ठिकाणांसाठी. ब्रँडन, स्टाइनबॅक, थंडर बे, सडबरी, टिमिन्स, मूस जॉ, क्लेर्सहोम वगैरे. त्या गावानं मान्यता दिलेल्या मालकाकडूनच नोकरीचं पत्र हवं, आणि गावाची शिफारस हवी. साधारणपणे गेल्या तीन वर्षांत एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, संबंधित कामाचा अनुभव लागतो. वेल्डरला कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवर (सीएलबी) इंग्रजीची पाचवी पातळी लागते. कुठल्या व्यवसायांना प्राधान्य ते प्रत्येक गाव आपापलं ठरवतं.

नोकरीच्या पत्रासाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. कॅनडात नोकरी विकणं बेकायदा आहे. मान्यता असलेल्या मालकांची नावं त्या गावाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या, एजंटच्या मोबाइलवर नको.

आणि जावं का? मी म्हणेन, गाव तुमच्या नोकरीसाठी निवडा. नवऱ्याला पत्र देणाऱ्या मालकाला व्हिडिओ कॉलवर स्वतः विचारा: गेल्या तीन वर्षांत बाहेरून आणलेल्यांपैकी किती जण आज तुमच्याकडे आहेत, आणि त्यांच्या बायका काय करतात? चांगला मालक नावानिशी सांगतो. ज्या प्रांतात जाणार तिथल्या शिक्षक परवान्याचा अर्ज भारतातूनच सुरू करा, विद्यापीठाची गुणपत्रकं आजच मागवायला घ्या. त्यालाच सगळ्यात वेळ लागतो. दुसऱ्या गाडीचे पैसे सुरुवातीच्या खर्चात धरा. मॅनिटोबातल्याच मॉर्डन या छोट्या गावानं स्वतःच्या योजनेत अर्जदारानं आधी येऊन गाव पाहून जाण्याची अट ठेवली होती. तुम्हाला अट नसली आणि खर्च जमत असला, तर तुम्ही दोघं येऊन बघा. मात्र जानेवारीत या, जुलैत नको.

गावाचं नाव ठरलं की इथेच लिहा. ब्रँडन असेल तर मुलाच्या बर्फातल्या कपड्यांवर खर्च करू नका. आजोबांनी दिलेले ते कपडे अजून धड आहेत, सात वर्षांच्या मुलाला होतील.